मेंढरांचा राखणदार

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे आणि लढाया उभ्या राहतात; मेंढपाळाच्या कुत्र्याला त्यात कोण जागा देणार? रोमन पंडित व्हॅरो याने ती दिली. इ. स. पूर्व ३७ मध्ये, ऐंशीच्या घरात पोचल्यावर, त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला. शिकाऱ्याचा किंवा खाटकाचा कुत्रा मेंढरांसाठी घेऊ नये, असे तो बजावतो. पहिला हरणामागे धावतो, दुसरा आळशी असतो. कुत्र्याच्या गळ्यात खिळे मारलेला चामडी पट्टा बांधावा. मात्र खिळ्यांची डोकी त्यालाच बोचू नयेत म्हणून आतून मऊ कातडे शिवावे. ही काळजी अनुभवी माणसाचीच.

त्याने सांगितलेली एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. पोंटिआनस नावाच्या गृहस्थाने दूरच्या उंब्रिया प्रांतात मेंढ्यांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्री आली, मेंढपाळ आले नाहीत. कळप दक्षिणेकडे पोचवून मेंढपाळ घरी परतले. थोड्याच दिवसांत ती कुत्री, वाटेत रानात मिळेल ते खात, कित्येक दिवसांची मजल मारून आपल्या जुन्या धन्यांकडे हजर! कळप विकत मिळाला, राखण मिळाली नाही. ही राखण हुकमाची नसून लळ्याची असते, हे यातून आपल्याला उमगते.

पुढे माणसाने सोपी वाट धरली: बंदूक, सापळा आणि विष. अमेरिकेत तर कोयोट या लांडग्याच्या भाऊबंदासाठी सर्रास विष पेरले जाई. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर त्याला बंदी केली, तेव्हा मेंढपाळांची ओरड झाली. आणि मग संशोधकांनी इटली, युगोस्लाव्हिया व तुर्कस्तान येथून जुन्या वळणाची राखणदार कुत्री आणवली. टाकून दिलेली विद्या अशी उसनी आणावी लागली.

आफ्रिकेतील नामिबियात तर चित्त्याचाच जीव यात गुंतला होता. शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून शेतकरी त्याला गोळी घालीत. १९९४ पासून तेथील चित्ता-संरक्षण संस्थेने शेतकऱ्यांना तुर्की जातीची पिले देण्यास सुरुवात केली. कुत्रा सहसा चित्त्याशी झुंजत नाही. मधे उभा राहून भुंकतो, आणि चित्ता, जो मुळातच झुंज टाळणारा, निघून जातो. पिलू मात्र कोवळ्या वयातच शेळ्यांमध्ये सोडावे लागते. घरात लाडावले, तर ते शेळ्यांऐवजी घराचीच राखण करू लागते.