'पक्का' : एका विशेषणाचा प्रवास

काशीत पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्यामध्ये दुर्गाघाट आहे. गोदातीरावरील कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात काशीस येऊन राहिले. पेशव्यांच्या घराण्यात त्यांना गुरुस्थानी मानले जाई. त्यांनी हा घाट दगडी बांधून घेतला आणि त्याच्या परिसरात महाराष्ट्रीय कुटुंबांची वस्ती वाढली. दगडी, अनेकमजली घरांच्या या जुन्या नदीकाठच्या भागाला 'पक्का महाल' म्हणतात. त्यातला 'पक्का' हा शब्द इंग्रजीतही विशेषण म्हणून रुजला आहे.

या शब्दाचे मूळ चुलीजवळ सापडते. संस्कृत 'पच्' म्हणजे शिजवणे. त्यापासून 'पक्व' आणि पुढे प्राकृतातून 'पक्का'. मराठीतील स्वयंपाक, पिकणे, परिपक्व हे शब्द त्याच कुळातले. जे शिजले, पिकले, भाजले ते पक्के; म्हणून भाजलेल्या विटांची चुन्यातली भिंत पक्की आणि मातीची कच्ची. पुरे वजन आणि ठरलेला करारही पुढे पक्का म्हटला जाऊ लागला. इंग्रजीतील 'कुक' हा शब्दही लॅटिनमार्गे याच प्राचीन धातूपर्यंत पोहोचतो.

इंग्रजी लेखनात 'पक्का' आरंभी वजनाच्या संदर्भात दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. आग्र्याचा पक्का मण सुरतेच्या मणाच्या दुप्पट असल्याची नोंद त्याच्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात आहे. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'कच्चा' आणि 'पक्का' ही जोडी नोंदली गेली.

राज्यकर्त्यांनी मात्र हे विशेषण स्वतःलाच लावून घेतले. जन्म, वर्ण आणि क्लबातील शिष्टाचार यांवर 'पक्का साहेब' ठरू लागला. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३४ च्या 'बर्मीज डेज' या कादंबरीत त्या रुबाबातील पोकळपणा दाखवला. आज ब्रिटनमध्ये हा शब्द 'अस्सल' किंवा 'उत्तम' या अर्थाने वापरतात.

साहेबांचा तो पक्केपणा सत्तेबरोबर ओसरला. दुर्गाघाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात गंगेच्या पुराखाली जातात आणि पाणी उतरताच पुन्हा दिसू लागतात. 'पक्का' या शब्दात विस्तवाची धग आणि लागणारा वेळ दोन्ही गृहीत आहेत. वर्गात गुरुजी 'पाढे पक्के झाले का?' असे विचारतात, तेव्हा त्यांनाही हाच अर्थ अभिप्रेत असतो.