भाजीतलं 'क' जीवनसत्त्व मोजलं कसं?



शाळेच्या पोषण आहारात मोडाची उसळ आमचाच बचत गट शिजवतो. परवा बैठकीत एकीने विचारलं, "मोड आले की 'क' जीवनसत्त्व वाढतं म्हणतात. पण दिसतच नाही ते मोजलं कुणी, आणि कसं?" आम्हा कुणालाच सांगता येईना. म्हणून शोधायला बसलो, तर गोष्ट निघाली मराठा पलटणींची.

पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, आजच्या इराकमधल्या कुत गावात इंग्रज फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा उठला नाही. ताजी भाजी संपली. गोरे शिपाई घोड्याचं ताजं मांस खात, त्यात थोडं 'क' जीवनसत्त्व असतं. आपल्याकडच्या बहुतेकांनी ते बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, अंगातलं बळ गेलं. हा स्कर्व्ही रोग. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली.

भाजी पोचत नाही तिथे शिपायाला काय द्यायचं, हा प्रश्न लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक यांनी हाती घेतला. सोबत मार्गारेट ह्यूम आणि रूथ स्केल्टन होत्या. बायकांचीच तुकडी म्हणा ना! पण मोजणार कशाने? तो पदार्थ तेव्हा कुणीच वेगळा काढला नव्हता.

उपाय नॉर्वेतून आला होता. तिथे होल्स्ट आणि फ्रोलिश दुसऱ्याच रोगाच्या मागावर होते. १९०७ मध्ये त्यांना दिसलं की नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगला स्कर्व्ही होतो. उंदीर हे जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करतो. गिनी पिगला ते जमत नाही, आपल्यालाही नाही. म्हणून हा छोटा प्राणीच तराजू झाला. त्याला हिरवं काही न देता धान्यावर ठेवायचं, त्यात एकच भाजी रोज वजन करून द्यायची आणि कमीत कमी किती ग्रॅमवर तो निरोगी राहतो ते पाहायचं. एका भाजीला कित्येक आठवडे लागत. जीव गेले ते वेगळेच.

या तराजूवर चिकबाईंच्या तुकडीने कोरडे वाटाणे-मसूर आणि मोड आलेले वाटाणे-मसूर तोलले. कोरड्यांनी स्कर्व्ही थांबला नाही, मोडांनी थांबला. बाटलीत साठवलेला लाइमचा रस, जो औषध म्हणून बोटीबोटींवर जात होता, तो जवळजवळ निकामी निघाला. वाळलेल्या कडधान्याचं पोतं मात्र कुठेही नेता येतं, वर फक्त पाणी लागतं. हे वाचून आम्ही गप्पच झालो. मोड आणणं कुठल्या मराठी घराला शिकवावं लागतं?

पुढे १९३१ मध्ये जगभरासाठी माप ठरलं, तेही कसलं, तर लिंबाच्या रसाचा ०.१ मिलिलिटर म्हणजे एक एकक! १९३२ मध्ये हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांनी आपण वेगळं केलेलं आम्ल म्हणजेच 'क' जीवनसत्त्व, हे दाखवलं. मग १९३४ मध्ये एककही शुद्ध पदार्थाच्या वजनावर आलं, ०.०५ मिलिग्रॅम. जर्मनीत टिलमान्स यांनी लिंबाच्या रसासाठी वापरलेला एक निळा रंग केंब्रिजमध्ये बर्च, हॅरिस आणि रे यांनी १९३३ मध्ये भाज्यांच्या मोजणीला लावला, आणि आठवड्यांचं काम मिनिटांवर आलं.

तो रंग आम्ही डोळ्यांनी पाहिला. जवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्या मटकीचे मोड घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी मोड आम्लात वाटले, कारण आम्लात हे जीवनसत्त्व टिकतं, आणि रस गाळून घेतला. तोटीच्या लांब काचनळीत निळा रंग भरला. एकेक थेंब रसात पडला की गुलाबी होई आणि लगेच विरून जाई. जीवनसत्त्व रंग खात होतं. ते संपलं तेव्हा गुलाबी रंग टिकला. तिथे तोटी बंद केली आणि किती रंग गेला ते नळीवर वाचलं. आधी वजन माहीत असलेल्या शुद्ध जीवनसत्त्वावर हाच प्रयोग केलेला होता, त्यामुळे हिशेब सोपा. आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, "आणि बीट असेल तर?" ताई हसल्या. लाल रसात गुलाबी ओळखू येत नाही, तिथे दुसरी पद्धत लागते. शिवाय भाजीतले आणखी काही पदार्थही हा रंग खातात, म्हणून आता मोठ्या प्रयोगशाळांत यंत्राने मोजतात.

आम्ही डब्यातून आणखी एक गोष्ट नेली होती, मोड उकडून आम्ही रोज मोरीत ओततो ते पाणी. ताईंनी तेही लावून पाहिलं. पहिला थेंब विरला, दुसरा विरला, मग तिसरा. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी उसळीतच आटवतो, आणि लिंबू पातेलं उतरवल्यावर पिळतो.