आगळ्या आकारांच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी: अपयशातून आलेले मोल आणि खऱ्या-खोट्याची पारख

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा संग्रह करणे हा पाश्चात्त्य संगीतविश्वातील एक रुजलेला छंद आहे. त्यातही चाकोरीबाहेरच्या आकारांच्या गिटारींना संग्राहकांमध्ये वेगळे स्थान आहे. कुणी बाणाच्या टोकासारखी, कुणी तिरक्या चौकोनासारखी, कुणी लांब शिंगांची, तर कुणी चक्क देशाच्या नकाशासारखी. नवलाची गोष्ट अशी, की आज काही लाख डॉलरना विकल्या जाणाऱ्या यांतील कित्येक गिटारी आपल्या काळात दुकानात पडून होत्या. खपल्या नाहीत म्हणून थोड्याच बनल्या, थोड्या बनल्या म्हणून दुर्मीळ झाल्या आणि दुर्मीळ झाल्या म्हणून त्यांच्या बनावट प्रतिकृतीही निघाल्या. या साखळीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कालामाझू येथील गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फ्लाइंग व्ही’ आणि ‘एक्स्प्लोरर’ या दोन गिटारी.

आकार मोकळा कसा झाला

बहुतेक तंतुवाद्यांचा आकार त्यांच्या नादाशी बांधलेला असतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा घेर भोपळा ठरवतो. साध्या गिटारीची पोकळ पेटी तारेचा कंप मोठा करून ऐकवते. अशा पेटीचा आकार मनाला येईल तसा बदलला, तर आवाज बिघडतो. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारीत हे बंधन मोठ्या प्रमाणात सैल झाले. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला ‘पिकअप’ बसवलेला असतो. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो अँप्लिफायरकडे जातो. पेटीची गरजच उरली नाही. तारांचा ताण पेलणे, पिकअप व घोडी धरून ठेवणे आणि वादकाच्या अंगाला सोयीचे असणे, एवढेच काम लाकडाकडे राहिले. आकाराचा प्रश्न आता आराखडा काढणाऱ्याच्या हाती आला.

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ही मुभा आधी ओळखली. त्यांची १९५४ सालची ‘स्ट्रॅटोकास्टर’ दोन शिंगांची, कडा गोलावलेली आणि त्या काळी अगदी नव्या धाटणीची होती. १९०२ मध्ये स्थापन झालेली गिब्सन कंपनी तिच्यापुढे जुनाट वाटू लागली. कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी या समजाला उत्तर द्यायचे ठरवले.

कालामाझूचे तीन आराखडे

१९५७ मध्ये गिब्सनने तीन आधुनिक आकारांसाठी अमेरिकेत डिझाइन पेटंटचे अर्ज केले. जानेवारी १९५८ मध्ये तिन्ही मंजूर झाले. पहिला आराखडा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा. दुसरा, विजेच्या लोळासारखा तिरका, पुढे ‘एक्स्प्लोरर’ झाला. तिसऱ्याचे नाव ‘मॉडर्न’. तो अवकाशयानांचा आणि मोटारींना मागे पंख लावण्याचा काळ होता. या रेषांमध्ये तोच उत्साह दिसतो.

या गिटारींसाठी ‘कोरिना’ नावाचे फिकट पिवळसर लाकूड निवडण्यात आले. कोरिना हे व्यापारी नाव असून मूळ वृक्ष पश्चिम आफ्रिकेतील लिंबा होय. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव टर्मिनालिया सुपर्बा. आपल्याकडचे अर्जुन, हिरडा आणि बेहडा याच टर्मिनालिया कुळीचे. गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी, म्हणजेच ऐन, हाही त्यांचा भाऊबंद. लाकडाचा नैसर्गिक रंग झाकू नये म्हणून त्यावर पारदर्शक रोगण दिले जाई. धातूचे भाग सोन्याचा मुलामा दिलेले आणि पडद्यांची पट्टी ब्राझीलच्या शिसवीची होती. ‘फ्लाइंग व्ही’ची छापील किंमत २४७.५० डॉलर होती आणि पेटीचे पैसे वेगळे.

नोंदवहीतील आकडे

माल पाठवण्याच्या गिब्सनच्या नोंदवहीत १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७ ‘फ्लाइंग व्ही’ कारखान्याबाहेर गेल्याची नोंद आहे. म्हणजे दोन वर्षांत अवघ्या ९८. काही दुकानदारांनी ती गिटार विकण्याऐवजी दर्शनी काचेत पाटीसारखी टांगली, असे सांगितले जाते. ‘एक्स्प्लोरर’ची स्थिती त्याहूनही वाईट. तिची नोंद स्वतःच्या नावाने नाहीच. ‘कोरिना मॉडर्न गिटार’ अशा अर्थाच्या त्रोटक शब्दांत १९५८ मध्ये १९ आणि १९५९ मध्ये ३, असे एकूण २२ नग दिसतात. उरलेल्या सुट्या भागांतून १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आणखी काही गिटारी जुळवण्यात आल्या. त्यांवर बहुधा सोनेरी मुलाम्याऐवजी निकेलचे भाग आढळतात. त्यामुळे एखादी अस्सल गिटार नेमकी कोणत्या टप्प्यातली आहे, हा प्रश्न आजही प्रत्येक व्यवहारात उभा राहतो.

वादकांनी दिलेले दुसरे आयुष्य

बाजाराने नाकारलेली ही वाद्ये मोजक्या वादकांनी उचलून धरली. लॉनी मॅक यांनी तरुणपणी १९५८ ची ‘फ्लाइंग व्ही’ घेतली आणि १९६३ मध्ये ‘मेम्फिस’ या वाद्यरचनेने ती लोकांच्या कानांवर पोहोचवली. ब्लूज गायक-वादक अल्बर्ट किंग यांच्या हातीही तीच गिटार होती. ते डावखुरे असून उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवत. दोन्ही बाजू सारख्या असलेला ‘व्ही’ उलटा धरला तरी वरच्या पडद्यांपर्यंत बोटे सहज पोहोचतात. विचित्र म्हणून नाकारलेला आकार त्यांच्यासाठी सोयीचा ठरला. ब्रिटनमधील ‘किंक्स’ या वाद्यवृंदाचे डेव्ह डेव्हिस १९६५ पासून ती घेऊन रंगमंचावर दिसू लागले.

मागणी जागी झालेली पाहून गिब्सनने १९६७ मध्ये ‘फ्लाइंग व्ही’ पुन्हा बनवायला घेतली, मात्र यावेळी महॉगनी लाकडात. जिमी हेंड्रिक्स यांनी अशीच एक गिटार घेऊन स्वतःच्या हाताने रंगवली. १९७० च्या दशकाच्या मध्यात ‘एक्स्प्लोरर’ही महॉगनीत परतली. तोवर जपानमध्ये आयबानेझ कंपनीची ‘डिस्ट्रॉयर’ ही तिची प्रतिकृती बाजारात आलेली होती. या जपानी प्रतिकृतीही आता जुन्या झाल्या असून त्यांना स्वतःचे संग्राहक आहेत.

न सापडलेली तिसरी गिटार

तिन्ही आराखड्यांपैकी ‘मॉडर्न’ची कथा सर्वांत निराळी. तिचे पेटंट आहे, रेखाटन आहे, पण १९५० च्या दशकातील एकही ‘मॉडर्न’ अस्सल म्हणून सर्वमान्य झालेली नाही. गिब्सनने ती प्रत्यक्ष विक्रीस आणली १९८२ मध्ये. दरम्यानच्या काळात ‘मला सापडली’ असे दावे अनेकदा झाले. कागदावरचा आराखडा आणि हातातले वाद्य यांतील ही पोकळी बनावटगिरीला आयते आमंत्रण देते. जिची एकही प्रमाणभूत प्रत नाही, तिची तुलना करायची तरी कशाशी? म्हणूनच जाणकार संग्राहक ‘मॉडर्न’च्या बाबतीत कथा कितीही रसाळ असली, तरी पुराव्यावाचून पुढे जात नाहीत.

पारख कशी केली जाते

अस्सलपणा ठरवताना कोणतीही एक खूण पुरेशी नसते. अनेक खुणा परस्परांशी जुळाव्या लागतात. त्यांतील प्रमुख अशा:

अनुक्रमांक: त्या काळी तो गिटारीच्या शीर्षाच्या मागे शाईने उमटवला जाई. पहिला अंक वर्षाचा, म्हणजे ८ असल्यास १९५८ आणि ९ असल्यास १९५९. शाईचा शिक्का पुन्हा उमटवणे अवघड नाही, म्हणून एकट्या क्रमांकावर विसंबून चालत नाही.

रचना: मूळ ‘फ्लाइंग व्ही’मध्ये तारा धडातून आरपार जातात आणि घोडीच्या मागे व्ही आकाराची धातूची पट्टी असते. बसून वाजवताना गिटार मांडीवरून घसरू नये म्हणून कडेला रबराची खाचदार पट्टी लावलेली असे. आवाजाची तीन बटणे एका रांगेत असतात, तर १९६७ नंतरच्या आवृत्तीत ती त्रिकोणात मांडलेली आहेत. ‘एक्स्प्लोरर’च्या अगदी पहिल्या काही नगांचे शीर्ष दुभंगलेले आहे. नंतरच्यांचे शीर्ष लांबट, खाली झुकलेले असून सहाही खुंट्या एका बाजूस आहेत.

पिकअप: सेथ लव्हर यांनी तयार केलेला दुहेरी वेटोळ्यांचा ‘हमबकर’ विजेची गुणगुण दाबतो. त्याचे पेटंट १९५९ मध्ये मिळाले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही काही काळातील पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची छोटी चिठ्ठी असते. हे पिकअप स्वतंत्रपणेही मोठ्या किमतीला जात असल्याने जुन्या गिटारीतून काढून दुसरीकडे बसवण्याचे प्रकार होतात.

विद्युत भाग: आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागांवर सांकेतिक आकडे कोरलेले असतात. त्यांतून निर्माता, वर्ष आणि आठवडा कळतो. १९६२ चा भाग असलेली गिटार १९५८ मध्ये जशीच्या तशी बनलेली असू शकत नाही. मूळ डाख हललेला आहे का, हेही पाहिले जाते.

रोगण: जुन्या नायट्रोसेल्युलोज रोगणाला काळानुसार बारीक भेगा पडतात. अतिनील प्रकाशाखाली ते हिरवट-पिवळे चमकते. नंतर मारलेला थर किंवा झाकलेला जोड त्या प्रकाशात वेगळा उठून दिसतो. पुन्हा रोगण केलेल्या गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा बाजारातील ठोकताळा आहे.

या सगळ्यामागे एक कटू सत्य आहे. ज्या काळी या गिटारींना कुणी विचारत नव्हते, त्या काळी वादकांनी त्या हव्या तशा बदलल्या. कुणी पिकअप बदलले, कुणी खुंट्यांसाठी नवी भोके पाडली, कुणी धडच कापले. त्यात गैर काही नव्हते, कारण ते कामाचे वाद्य होते. आज मात्र प्रत्येक भोक पुराव्याचा एक तुकडा पुसून टाकते. अतिउत्साही दुरुस्तीही तेच करते. म्हणून जुन्या गिटारीवर नवी चकाकी चढवण्यापूर्वी थांबणे, हा संग्राहकाचा पहिला नियम मानला जातो. काढलेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूसुद्धा, पेटीत जपून ठेवणे हा दुसरा.

परवडणाऱ्या वाटा

१९५८ च्या कोरिना गिटारी सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. त्या तुलनेत अन्य आगळे आकार अभ्यासाला अधिक खुले आहेत. न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीची ‘लाँगहॉर्न’ १९५८ चीच. दाबलेल्या लाकूडभुशाच्या पातळ फळ्या आणि लिपस्टिकच्या नळीत बसवलेले पिकअप यांमुळे ती स्वस्त होती. शिकागोच्या वाल्को कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी काचतंतूच्या दोन साच्यांतून अमेरिकेच्या नकाशाचा भास देणाऱ्या गिटारी काढल्या. ब्रिटनमध्ये व्हॉक्सने पंचकोनी ‘फँटम’ आणि अश्रूच्या थेंबासारखी ‘टिअरड्रॉप’ आणली. इटलीतील कावरियागो येथे अँटोनिओ पिओली यांनी ‘वांद्रे’ या नावाने अॅल्युमिनियमच्या मानेच्या, शिल्पासारख्या गिटारी घडवल्या. गिब्सनची १९६३ ची ‘फायरबर्ड’ तर मोटारींचे आराखडे करणारे रे डिट्रिच यांच्या हातची. यांतील स्वस्त गिटारींत एक अडचण नेहमी येते. काहींच्या माना वाकतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. दिसण्यावर भाळण्याआधी मान सरळ आहे का, हे पाहणे हिताचे.

कायदा आणि हवामान

ब्राझीलची शिसवी १९९२ पासून दुर्मीळ प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये शिसवीच्या इतर जातींपासून बनलेल्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलच्या जातीला ती मिळाली नाही. त्यामुळे १९५८ ची गिटार देशाची सीमा ओलांडताना परवान्याची गरज पडते. तो कोण काढणार, हे पैसे देण्यापूर्वीच ठरलेले असावे. याच टंचाईचा दुसरा परिणाम आपल्या सह्याद्रीशी जोडलेला आहे. १९६० च्या दशकाअखेर ब्राझीलच्या ओंडक्यांची आवक आटल्यावर अमेरिकी गिटारउद्योग मोठ्या प्रमाणात भारतीय शिसवीकडे वळला.

किनारपट्टीवर अशी गिटार ठेवणाऱ्याला हवामानाचा वेगळा विचार करावा लागतो. लाकडासाठी साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य समजली जाते. गोव्याच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. लाकूड फुगते, धातूवरील मुलामा खारट हवेत उडतो, पेटीच्या मखमलीला बुरशी धरते. आर्द्रतामापक, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि भिंतीपासून दूर ठेवलेली पेटी, एवढी काळजी किमान आवश्यक आहे.

वाजवावी की जपावी

संग्रहाच्या वाढत्या किमतींनी एक जुना वाद पुन्हा पुढे आणला आहे. तिजोरीत गेलेली गिटार पुराव्याच्या दृष्टीने सुरक्षित राहते, पण तिचा आवाज बंद होतो. वाजती गिटार झिजते. पडदे घासतात, मुलामा उतरतो. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मात्र ‘फ्लाइंग व्ही’चा इतिहास एक गोष्ट स्पष्ट करतो. तिला अडगळीतून बाहेर काढले ते गुंतवणूकदारांनी नव्हे, तर ती गळ्यात अडकवून रंगमंचावर उभ्या राहिलेल्या वादकांनी. त्यांनी ती वाजवली नसती, तर त्या ९८ गिटारींची नोंद आज कुणी शोधलीही नसती.