मंडईच्या पाटीवरचे नाव

लहानपणी रविवारी सकाळी वडिलांच्या मागे पिशवी धरून पुण्याच्या मंडईत जाणे हे माझे ठरलेले काम होते. मधला उंच मनोरा, त्याच्याभोवती पसरलेली दगडी दालने आणि आत मेथी-कोथिंबिरीचा ओला वास. पाटीवर नाव होते महात्मा फुले मंडई. मला वाटे, ही इमारत फुल्यांनीच बांधली असणार, निदान त्यांच्या पुढाकाराने तरी. पुष्कळ वर्षांनी कळले, की ती बांधू नये असे म्हणणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही आज कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडईच आहे. ह्या दोन्ही मंडया उभ्या राहिल्या तेव्हा एकच प्रश्न विचारला गेला होता. गावाचा पैसा कशावर खर्च करायचा हे कोणी ठरवायचे, आणि त्याचा जाब कोणी विचारायचा?

आधी मुंबईची गोष्ट सांगतो, कारण ती थोडी आधीची आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार सरकारनियुक्त ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींच्या नावावर आला. पण खरी सत्ता एका माणसाच्या हाती होती, म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या. माणूस धडाडीचा. गटारे, रस्ते, पाणी, बाजार, सगळ्याला त्यांनी एकदम हात घातला. आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. पण त्याच सुमारास मुंबईची सुबत्ता ओसरली होती. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कापसाच्या तेजीवर फुगलेला पैसा एका झटक्यात बुडाला. क्रॉफर्ड यांचा हात मात्र आखडला नाही. कर वाढले, तूट वाढली आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. कमिशनरच्या हातातली सत्ताच काढून घ्या, अशी मागणी टाउन हॉलमध्ये झाली.

ह्या गदारोळात सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने लोकांना न आवडणारी गोष्ट सांगितली. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोष एका माणसाचा नाही, दोष रचनेचा आहे. काम करायला एकच जबाबदार अधिकारी हवा, हे बरोबर; पण त्याला हिशेब विचारणारे लोक जनतेने निवडलेले हवेत. त्या दिवशी लोकांना हे रुचले नाही. पण १८७२ चा कायदा त्याच दिशेने गेला. चौसष्ट सभासदांची संस्था झाली. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे, आणि पैशाच्या व्यवहारावर लक्ष ठेवायला बारा जणांचे छोटे मंडळ नेमायचे. मत फक्त ठराविक कर भरणाऱ्यांनाच होते, तेव्हा ही लोकशाही मूठभरांचीच होती. तरी एक पायंडा पडला. १८८८ च्या कायद्यात त्या छोट्या मंडळाची स्थायी समिती झाली. त्या कायद्याला आकार देण्यात मेहतांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचाही वाटा होता. अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर तिजोरीतून पैसा निघणार नाही, हा त्यातला गाभा. तोच कायदा, पुष्कळ दुरुस्त्यांसह, मुंबईत अजून चालू आहे.

आता पुण्याकडे येऊ. १८७६ मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. निवडून नव्हे, तेव्हा सभासद सरकारच नेमत असे. फुले स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. त्यामुळे दगड कितीला पडतो, चुना कितीला पडतो आणि मजुराच्या हाती काय उरते, हे त्यांना पाठ होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, म्हणून त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. फुले म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवा. मत घेतले गेले. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकच होते, जोतीरावांचे.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात धीटपणाचा नमुना म्हणून सांगतात. ती आहेच. पण मला तिच्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या काळी नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न जकातीचे. म्हणजे गावाबाहेरून भाजीपाला, धान्य, सरपण घेऊन येणारी गाडी नाक्यावर थांबायची आणि पैसे मोजायची. कमानीला बांधलेल्या प्रत्येक पताकेत त्या गाडीवानाचा हिस्सा होता, आणि त्याला मत नव्हते. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी शेतकऱ्यावर चहूबाजूंनी बसणाऱ्या करांचा पाढा वाचला, त्यामागे सभागृहातला हा अनुभवही असणार असे मला वाटते. १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हाही त्यांचा मुद्दा असाच रोकडा होता. नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते आणि शेजारी दारूचे दुकान ते आरोग्य बुडवते, मग ह्या खर्चाला अर्थ काय?

मंडईचेही तसेच. तोवर भाजीवाले शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात बसत. त्यांच्यासाठी भव्य दगडी इमारत बांधायचे ठरले. फुल्यांचा आक्षेप मंडईला नव्हता, क्रमाला होता. बहुजनांच्या पोरांना शाळा नाही, तिथे एवढी रक्कम बाजाराच्या इमारतीत का घालायची? ते हरले. १८८६ मध्ये मंडई सुरू झाली, तेव्हा ते सभासदही नव्हते. गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत होते, त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले.

इमारत वाईट होती असे मी म्हणणार नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे तिने पुण्याला जेवू घातले. क्रॉफर्ड यांची मंडईही मुंबईला हवीच होती. म्हणजे प्रश्न विचारणारा प्रत्येक वेळी बरोबरच असतो असे नाही. पण प्रश्न विचारला गेला की खर्च करणाऱ्याला उत्तर तयार ठेवावे लागते, आणि तेवढ्यानेही पुष्कळ काही वाचते.

हे मी कोरड्या पायांनी सांगत नाही. व्यवसायानिमित्त मी एका तालुक्याच्या गावी राहिलो आणि तिथे एकदा नगरसेवक म्हणून निवडून आलो. एका सभेत विषयपत्रिका संपल्यावर ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून एक कागद फिरला. एका बड्या पाहुण्याच्या दौऱ्यासाठी कमानी आणि मांडव घातले होते, त्या खर्चाला कार्योत्तर मंजुरी हवी होती. त्याच सभेत तासाभरापूर्वी शाळेच्या गळक्या छपराचा विषय ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ म्हणून पुढे ढकलला होता. मला दोन्ही आकडे दिसत होते. कोणी दटावले नव्हते, कोणी काही देऊ केले नव्हते. बाहेर चहा आला होता, एवढेच. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. इतिवृत्तात नोंद आहे: सर्वानुमते मंजूर. त्या ‘सर्वां’मध्ये मी आहे.

मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. मधल्या काळात, २०२३ ते २०२५ अशी तीन वर्षे, अंदाजपत्रक मांडणाराही प्रशासक आणि मंजूर करणाराही प्रशासक. हजारो कोटींचे आकडे एका टेबलावरून त्याच टेबलावर गेले. त्यांत चूक होती की नव्हती हा मुद्दाच नाही. १८७१ मध्ये ज्या रचनेला मेहतांनी दोष दिला, तिच्याजवळ आपण फिरून येऊन पोहोचलो होतो, आणि गावोगावच्या चावड्यांवर त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

आता पुन्हा सभागृहे भरली आहेत. स्थायी समित्या आहेत, विषयपत्रिका आहेत, ऐनवेळचे विषयही असतील. आपल्या प्रभागातल्या माणसाने कशाला हात वर केला, हे इतिवृत्तात लिहिलेले असते आणि ते मागता येते. मी आता म्हातारा झालो. मंडईत गेलो की पाटीकडे नजर जाते. हरलेल्या मताचे नाव तिथे लागले आहे. जिंकलेल्या एकतिसांची नावे मला आठवत नाहीत, आणि माझे हात वर करणे मात्र विसरता येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)