एका ठिपक्याचा प्रवास : सय्यद हैदर रझा

गेल्या महिन्यात सहावीच्या वर्गात मी मोबाइलवर एक चित्र दाखवले. मध्यभागी मोठा काळा गोल, भोवती रंगांच्या चौकटी. चित्रकाराचे नाव सय्यद हैदर रझा. मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, हे तर मीपण काढीन. कंपास घ्यायचा आणि रंग भरायचा." सगळा वर्ग हसला. मलाही हसू आले, कारण मोठी माणसेही हेच म्हणतात. पण हा गोल कुठून आला हे सांगायला त्या तासात वेळ पुरला नाही. ते आज इथे सांगतो.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात, बाबरिया या खेड्यात झाला. वडील सय्यद मोहम्मद रझी जंगल खात्यात उपवनाधिकारी होते, आईचे नाव ताहिरा बेगम. घराभोवती घनदाट जंगल, जवळून वाहणारी नर्मदा, शेजारी गोंड वस्त्या. रात्री त्या जंगलाची भीती वाटायची. गोंडांचे नाच सुरू झाले की मन थोडे हलके व्हायचे, आणि उजाडले की धीर यायचा. आठवड्याचा बाजार तर रंगांची जत्राच. अंधार आणि त्यातून उगवणारा रंग, ही रझांच्या चित्रांची पहिली शाळा.

दुसरी शाळा खरोखरची होती. हैदरचे अभ्यासात लक्ष नसे. नजर खिडकीबाहेर, झाडांवर, पाखरांवर. नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी एक दिवस एक ठिपका काढला आणि मुलाला सांगितले, बाकी सगळे विसर आणि याच्याकडे बघत बस. गोष्ट एवढीच. त्या मुलाने ठिपक्याकडे पाहिले, आणि तो ठिपका त्याच्या मनात जाऊन बसला. पुढे जगभर नाव झाल्यावरही रझा ही आठवण सांगत राहिले.

तेराव्या वर्षी ते दमोहला शिकायला गेले. तिथून १९३९ साली नागपूरला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते, त्यामुळे मंडल्याच्या मुलाला मोठे शहर म्हणजे नागपूरच. तिथे बापूराव आठवल्यांच्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये ते १९४३ पर्यंत शिकले. मग मुंबई. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षण आणि पोटासाठी ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी. या काळात त्यांनी मुंबईचे रस्ते, पावसात भिजलेल्या इमारती, गर्दी जलरंगात रंगवली. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे आणि रझा या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. यातले हुसेन पंढरपूरला जन्मलेले आणि गाडे अमरावती जिल्ह्यातले. भारतीय आधुनिक चित्रकलेचा हा इतिहास बराचसा आपल्याच मुलखातला आहे, पण आपल्या पाठ्यपुस्तकांतून तो क्वचितच भेटतो.

आता जे सांगायचे आहे ते चित्रकलेपलीकडचे आहे. १९४७ साली आई गेली, १९४८ साली वडील. याच दोन वर्षांत देशाची फाळणी झाली. रझांचे भाऊ, बहीण आणि पहिली पत्नी कराचीला गेले. पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण, आईवडील नाहीत, रक्ताची माणसे सरहद्दीपलीकडे. जाण्याची सगळी कारणे होती. रझा गेले नाहीत. लहानपणी त्यांनी मंडल्यात गांधीजींना पाहिले होते. देश सोडणे म्हणजे त्या माणसाशी बेइमानी ठरली असती, असे कारण त्यांनी पुढे सांगितले. आमच्या समाजात अशी घरे अनेक आहेत, ज्यांची अर्धी माणसे गेली आणि अर्धी राहिली. राहिलेल्यांनी त्याचा फारसा गाजावाजा केला नाही. त्यांनी फक्त आपले काम चालू ठेवले.

१९४८ साली रझा काश्मीरला गेले. तिथे त्यांची भेट फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. चित्रे पाहून ते म्हणाले की तुमच्यात गुण आहे, पण चित्राला बांधणी हवी, घर जसे पायापासून उभे राहते तशी. सेझानचा अभ्यास करा. रझांनी हा सल्ला मनावर घेतला. मुंबईत फ्रेंच शिकले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली पॅरिसला पोहोचले. तिथल्या एकोल दे बोझार या कलाशाळेत तीन वर्षे शिकले. १९५६ साली त्यांना प्री द ला क्रितीक हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता. १९५९ साली चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उन्हाळ्यात दोघे दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बिओ या डोंगरातल्या गावी राहून काम करत.

फ्रान्सची गावे, चर्चचे मनोरे, डोंगरउतार हे सुरुवातीला त्यांच्या चित्रांत ओळखू येतात. मग हळूहळू घरांच्या कडा विरघळतात आणि उरतो तो रंगाचा जाड थर. १९६२ साली ते अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे रोथकोसारख्या चित्रकारांचे काम पाहून त्यांचा हात आणखी मोकळा झाला. पण सत्तरच्या दशकात, नाव, पैसा, घर सगळे असताना, त्यांना स्वतःच्याच चित्रांचा कंटाळा आला. आपण उत्तम फ्रेंच चित्रे काढतो, मग यात मी कुठे आहे, असा तो प्रश्न होता.

उत्तर शोधायला ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले. अजिंठा, वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान. मंडल्याच्या जंगलाची आठवण आणि राजपूत लघुचित्रांतले तापलेले रंग एकत्र आले. १९८०च्या सुमारास चित्राच्या मध्यभागी काळा गोल स्थिर झाला. बिंदू. झारिया गुरुजींच्या ठिपक्याला तिथवर यायला सुमारे ५० वर्षे लागली. रझांसाठी तो बीज होता, ज्यातून पंचमहाभूतांचे काळा, पांढरा, लाल, निळा आणि पिवळा हे पाच रंग फुटतात. त्यांचे १९८३चे 'सौराष्ट्र' पाहा. त्यात ना झाड, ना माणूस, ना घर. तरी माती, ऊन आणि तहान कळते. हे चित्र २०१० साली लंडनच्या लिलावात सुमारे १६ कोटींना गेले. १९८९चे 'जेस्टेशन' २०२३ साली मुंबईत ५१.७५ कोटींना विकले गेले. वर्तमानपत्रात रझा येतात ते बहुधा या आकड्यांमुळे.

अमूर्त चित्र समजत नाही, ही तक्रार नेहमीची. पण नगरच्या दमडी मशिदीच्या दगडांवरचे कोरीवकाम पाहताना आपण त्याचा अर्थ विचारत नाही. दिवाळीत शेजारच्या दारातल्या रांगोळीलाही विचारत नाही. डोळा त्यात रमतो, मन शांत होते, तेवढे पुरते. रझांच्या चित्राकडून आपण जास्त मागू नये.

खरी अडचण दुसरी आहे. रझांच्या चित्रांची नावे बिंदू, तपोवन, कुंडलिनी, प्रकृती अशी. काही कॅनव्हासवर देवनागरीत लिहिलेल्या ओळी. काही मुस्लिम वाचक मला विचारतात, हे आपल्याकडचे आहे का? काही हिंदू मित्र कौतुकाने म्हणतात, मुसलमान असून बघा! दोन्ही वाक्यांत बिंदू कुणाच्या तरी मालकीचा आहे असे गृहीत धरलेले असते. मी उर्दू शिकवतो, त्यामुळे मला ठिपक्याची किंमत माहीत आहे. नुक्ता वर दिला तर खुदा, तोच खाली सरकला तर जुदा. खुशखतीत अलिफची उंचीसुद्धा कलमाच्या ठिपक्यांनी मोजतात. म्हणून रझांचा बिंदू म्हणजे नुक्ता असे मी म्हणणार नाही. त्यांनी त्याला बिंदूच म्हटले आहे, तर तो बिंदूच. पण तो कोण्या पोथीतून उचललेला नव्हता. मुस्लिम वनाधिकाऱ्याच्या चंचल मुलाला एका हिंदू गुरुजींनी दिलेला तो ठिपका होता. त्या वेळी दोघांपैकी कोणी त्याचा धर्म विचारला नसावा.

२००२ साली जानीन गेल्या. २०१०च्या अखेरीस रझा कायमचे भारतात परतले. फ्रान्समधल्या साठ वर्षांत त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नव्हते. अखेरच्या वर्षांत त्यांनी गांधीजींवर चित्रमालिका केली. २०१३ साली पद्मविभूषण मिळाले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याच्या कब्रस्तानात, वडिलांच्या कबरीजवळ त्यांना दफन केले गेले.

मुलाचे लक्ष लागत नाही, अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडे रोज येतात. आम्ही शिक्षकही तीच तक्रार करतो. बी.एड.ला लक्ष केंद्रित करण्याच्या पद्धती शिकवतात. त्या चुकीच्या नाहीत, पण त्यातल्या किती पन्नास वर्षे टिकतील?

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने पुढच्या आठवड्यात खरेच गोल काढून आणला. कंपासच्या टोकाने मध्ये कागद फाटला होता आणि काळा रंग रेषेबाहेर गेला होता. म्हणाला, "सर, वाटलं तेवढं सोपं नाही. दोनदा फाडलं." मी ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले आहे.