एकट्या प्रवाशाला खोली मिळेल का? ओसाकातली एक जुनी गोष्ट

मागच्या वर्षी एका परिषदेसाठी जपानला गेले होते. परिषद संपल्यावर चार दिवस ओसाका आणि आसपास एकटीनेच हिंडायचं ठरवलं. डोंगरातलं एक जुन्या पद्धतीचं रिओकान, म्हणजे तातामीच्या खोल्यांचं पारंपरिक विश्रामगृह, मनात भरलं होतं. हव्या त्या तारखांना खोल्या रिकाम्या होत्या. पाहुण्यांच्या रकान्यात दोनाचा एक केला आणि सगळ्या खोल्या गायब! पुन्हा दोन केलं, तर खोल्या परत हजर.

एकट्याने परदेशी सुट्टीला गेलेल्या अनेकांना हा अनुभव येतो. मला तो ओळखीचा वाटला तो मात्र वेगळ्या कारणाने. माझं पीएचडीचं काम कापूस पिंजण्याच्या अवजारांच्या इतिहासावर आहे. (भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी इथे कशी पोचले, ते पुन्हा कधीतरी.) आणि एकट्या प्रवाशाला खोली नाकारली जाण्याच्या दुखण्यावर जपानात जो पहिला मोठा उपाय निघाला, तो काढला पिंजणीच्या तारा विकणाऱ्यांनी.

आधी ती तार समजून घेऊ. आपल्याकडे पिंजारी दारोदार फिरायचा तेव्हा त्याच्या कमानीची तात टणटण वाजायची, हे तुमच्या आजीने सांगितलं असेल. तात म्हणजे जनावराच्या आतड्याची ताणलेली दोरी. ती कापसाच्या ढिगात धरून ठोकली की तिच्या कंपनाने तंतू मोकळे होतात आणि कचरा खाली झडतो. जपानातही हीच पद्धत होती. तिथे हे अवजार 'चिनी धनुष्य' म्हणून ओळखलं जायचं आणि त्याला देवमाशाच्या स्नायूबंधाची तार लावत. तार झिजते, तुटते, त्यामुळे गावोगाव नवी तार पोचवणारा फिरता विक्रेता हवाच.

ओसाकात मात्सुया जिंशिरो नावाचा व्यापारी या तारा विकायचा. त्याचा गेन्सुके नावाचा माणूस माल घेऊन मुलूखभर फिरायचा, आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे एकच प्रश्न असायचा: आज रात्री झोपायचं कुठे?

त्या काळी, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, मुक्कामाच्या मुख्य सोयी दोन. एक 'हातागो': इथे माणशी दर असायचा आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो साधारण २०० मोन पडायचा. सोबा नूडल्सचा वाडगा १६ मोनला मिळायचा, त्यावरून अंदाज करा. दुसरी सोय 'किचिन-याडो'. या शब्दाचा अर्थच 'लाकडाचे पैसे देऊन राहायची जागा'. तांदूळ आपला, स्वयंपाक आपला, मालकाला द्यायचे ते सरपणाचे. आज हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात कुणी एकटा मुलगा मॅगी उकळत असतो, तो याच परंपरेतला!

खिशात २०० मोन असले तरी एकट्याला हातागोत जागा मिळेलच असं नसे. दर माणशी असल्यामुळे मालकाला खरं तर एकटा काय आणि चौघे काय, सारखेच. शिवाय अनोळखी लोकांना एका खोलीत झोपवायची पद्धत होतीच. मग नकार का? कारण एकटा माणूस म्हणजे जोखीम. तो चोर असू शकतो, कुठून पळून आलेला असू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो आजारी पडू शकतो. रस्त्यात आजारी पडलेल्या प्रवाशाला सांभाळणं ही मुक्कामाच्या गावाची जबाबदारी, असा सरकारी नियम होता. सोबतीला कुणी असेल तर तो बघेल, एकट्याचं कोण बघणार? सामान्य माणूस प्रवासाला निघताना जो परवाना जवळ ठेवायचा, त्यात बहुधा असंही लिहिलेलं असायचं की हा वाटेत मेला तर तिथल्या रीतीप्रमाणे पुरून टाका, गावी कळवायची गरज नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आत घेतलं तरी अडचण संपत नसे. बऱ्याच हातागोंमध्ये 'मेशिमोरी-ओन्ना' असत. शब्दशः अर्थ भात वाढणाऱ्या बायका, प्रत्यक्षात वेश्याव्यवसाय. एका हातागोत दोनच ठेवाव्यात असा हुकूम १७१८ साली निघाला, यावरून प्रकार किती बोकाळला असेल ते कळतं. एकटा पुरुष दिसला की वाटेवर उभं राहून त्याला बाही धरून आत ओढायचे. ज्याला फक्त जेवून झोपायचं होतं, त्याची पंचाईत.

गेन्सुकेने हे सगळं वर्षानुवर्षं सोसलं असणार. १८०४ मध्ये त्याने आणि जिंशिरोने मिळून एक संघ काढला. त्याचं नाव पुढे 'नानिवा-को' म्हणून रुळलं. नानिवा हे ओसाकाचं जुनं नाव. 'को' म्हणजे काय, तर आपल्या भिशीचा भाऊबंद: लोक थोडेथोडे पैसे जमा करत आणि चिठ्ठी निघेल तो सगळ्यांच्या वतीने इसेच्या देवळाची यात्रा करून येई. नानिवा-को यात्रेला पाठवत नसे, पण आपसातल्या विश्वासावर उभं राहायची कल्पना तीच. रस्त्यारस्त्यावरची भरवशाची मुक्कामघरं त्यांनी निवडली. त्या घरांनी दारावर संघाची पाटी टांगायची. प्रवाशाने संघाचं लाकडी ओळखपत्र बाळगायचं आणि मुक्कामाला ते दाखवायचं. शिवाय कुठल्या गावात कुठलं घर आपलं, याची छापील पुस्तिका. नियम दोन्ही बाजूंना होते: जुगार नाही, बायका बोलवायच्या नाहीत, दारू पिऊन रात्री दंगा नाही.

यातली खरी गंमत, मला वाटतं, ओळखपत्रात आहे. पाटीमुळे प्रवाशाला घराची खात्री पटते. ओळखपत्रामुळे घराला प्रवाशाची. 'हा एकटा आहे, पण याच्यामागे कुणीतरी आहे' एवढं त्या लाकडाच्या तुकड्याने सिद्ध व्हायचं. आज आपण खोलीला तारे देतो आणि खोलीवालाही आपल्याला तारे देतो, ते याहून फार वेगळं नाही. नानिवा-को इतका चालला की पुढे तसेच आणखी संघ निघाले.

पण त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. हा गिऱ्हाइकांचा संघ होता. कर्जापायी घरच्यांनी ज्यांना विकलं, त्या मेशिमोरी-ओन्नांचं काय, हा प्रश्न त्याने विचारला नाही. त्यांचा त्रास गिऱ्हाइकाला होऊ नये, एवढंच पाहिलं. एकट्या बाईची प्रवासात सोय कशी व्हावी, हा तर त्याचा विषयच नव्हता.

एकटी बाई यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी आली, तीही परदेशी. १८७८ मध्ये इसाबेला बर्ड ही सेहेचाळीस वर्षांची ब्रिटिश बाई टोकियोहून निघून थेट होक्काइडोपर्यंत गेली. सोबत इतो नावाचा तरुण दुभाष्या, बाकी कुणी नाही. घडीचा पलंग आणि रबराचं न्हाणं घेतलं होतं. खाण्याचं सामान मात्र अगदी मोजकं: मांसाचा अर्क, मनुका, थोडं चॉकलेट आणि अडीअडचणीला ब्रँडी. आपण बॅगेत चिवडा, थेपले आणि इन्स्टंट उपमा भरतो, तोच हिशेब. पहिला मुक्काम कासुकाबेला. खोलीला कागदी सरकती दारं, कडी नाही, आणि कागदाच्या भोकांना लागलेले डोळे. पैसे कुणीही उचलून नेईल, या भीतीने ती धास्तावली. त्या रात्रीचं वर्णन तिने मोकळेपणाने लिहिलंय, आणि ही भीती अगदीच अनाठायी होती हेही तिनेच नंतर कबूल केलंय. पुढे निक्कोला ती कानाया कुटुंबाच्या घरी राहिली आणि खूश झाली. ते घर परदेशी पाहुण्यांसाठी १८७३ पासून उघडलेलं होतं.

झोपायचं झालं, आता जेवण. एकट्याची खरी कसोटी इथे लागते. खोलीत एकटं असताना कुणी बघत नाही, टेबलाशी सगळे बघतात असं वाटतं. पुन्हा ओसाका मदतीला आलं. जुन्या सुशीच्या दुकानात दर लिहिलेले नसत. समोर आचारी उभा, त्याच्याशी बोलता यायला हवं, बिल किती होईल त्याचा पत्ता नाही. ओसाकाला लागून असलेल्या हिगाशी-ओसाकात शिराइशी योशिआकीचं उभ्याने खायचं सुशीचं दुकान होतं आणि त्याला हाताखाली माणसं मिळत नव्हती. बीअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघून त्याला कल्पना सुचली आणि १९५८ मध्ये त्याने ताटल्या फिरवणारं पहिलं दुकान काढलं. १९७० च्या ओसाका विश्वप्रदर्शनानंतर हा प्रकार सगळीकडे पसरला. एकट्यांचं भलं करायला त्याने हे केलं नव्हतं, त्याला पगार वाचवायचा होता. पण पट्ट्याशेजारी ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर एक माणूस काय, दोन काय! बोलायचं नाही, विचारायचं नाही, दर ताटलीच्या रंगावरून कळतो.

शाकाहारी असाल तर मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भाज्यांचं दिसणारं सूपही बहुतेक वेळा 'दाशी'वर केलेलं असतं, आणि दाशीत सहसा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पापुद्रे असतात. नुसत्या कोम्बू या समुद्री शेवाळाचीही दाशी करतात. याच कोम्बूतून इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. तेव्हा "मांस नको" एवढं पुरत नाही, "कात्सुओ नको, कोम्बू चालेल" असं लिहून नेलेला कागद पुढे करा. बिनधास्त जेवायचं असेल तर ओसाकाच्या नाम्बाहून आगगाडीने कोयासान गाठा. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेल्या या डोंगरावरच्या पन्नासएक देवळांत मुक्कामाची सोय आहे आणि भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. काही देवळं एकट्यालाही खोली देतात. मला रिओकानने नाकारलं, देवळाने घेतलं.

शेवटच्या दोन रात्री ओसाकात कॅप्सूल हॉटेलात राहिले. हेही इथलंच. १९७९ मध्ये उमेदा भागात पहिलं कॅप्सूल हॉटेल उघडलं, रचना वास्तुविशारद कुरोकावा किशो यांची. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदार पुरुषांसाठी ते होतं. एक मीटर रुंद, एक मीटर उंच, दोन मीटर लांब, आणि बाई आली तर जागा नाही. बायकांसाठी वेगळे मजले मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. म्हणून खोली घेताना मी आता दर बघायच्या आधी हे बघते, की ही जागा मुळात कुणासाठी बांधली होती आणि माझ्यासारखीला तिथे नंतर कुठे बसवलंय. बायकांच्या मजल्याला वेगळा दरवाजा आहे का, न्हाणीघर त्याच मजल्यावर आहे का, यावरून ते चटकन कळतं.

१८१० मध्ये यासुमी रोआन नावाच्या माणसाने प्रवाशांसाठी खबरदारीचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात तो सांगतो की मुक्कामाला पोचल्यावर आधी दिशा समजून घ्या, मग घराची रचना, शौचकूप आणि पुढचं-मागचं दार बघून ठेवा. आग लागली, चोर आला किंवा भांडण पेटलं तर उपयोगी पडतं. माझ्या कॅप्सूलला कुलूप नव्हतं, नुसता पडदा. सामान लॉकरमध्ये टाकलं आणि आधी मागचा जिना शोधायला गेले. तो चपलांच्या कपाटामागे होता, आणि त्याच्या दारापुढे कुणीतरी आपली भलीमोठी सूटकेस लावून ठेवली होती. ती बाजूला सरकवली आणि मग झोपले.