नलकूपाचा रंग : बंगालमधील आर्सेनिकचा अर्वाचीन इतिहास

संस्कृत कोशपरंपरेने पाण्याच्या पर्यायांत ‘जीवन’ आणि ‘विष’ हे दोन्ही शब्द नोंदवले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालच्या त्रिभुज प्रदेशात हे दोन्ही अर्थ एकाच नलकूपाच्या तोंडातून वाहू लागले.

तळ्यांचे आणि नद्यांचे पाणी पटकी व अतिसार पसरवीत असे. त्यावरील उपाय म्हणून 1970 च्या दशकापासून बांगलादेशात शासन आणि युनिसेफ यांनी नलकूपांचा पुरस्कार केला. पुढे खासगी नलकूपही लाखोंनी उभे राहिले. शुद्ध पाणी म्हणजे जंतुमुक्त पाणी, हे समीकरण रूढ झाले. हिमालयातून आलेल्या गाळातील लोहसंयुगांना चिकटलेले आर्सेनिक प्राणवायूच्या अभावी भूजलात उतरते, याचा विचार त्या समीकरणात नव्हता. आर्सेनिकयुक्त पाण्याला रंग, वास वा चव नसल्याने इंद्रियांनीही इशारा दिला नाही.

1983 मध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरील डागांचा आणि तळहात-तळपायांच्या राठपणाचा संबंध पाण्यातील आर्सेनिकशी जोडला. बांगलादेशात हे प्रदूषण 1993 मध्ये आढळले. रुग्णांचे डाग अनेकदा कुष्ठरोगाचे समजले गेले; रोगाआधी बहिष्कारच वाट्याला आला. दीर्घकाळ असे पाणी प्यायल्यास त्वचा, फुप्फुसे व मूत्राशय यांचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या ग्रंथात नोंदवले.

दरम्यान बांगलादेशात सुमारे 50 लाख नलकूप तपासून रंगवण्यात आले : लाल म्हणजे पिण्यास वर्ज्य, हिरवा म्हणजे पिण्यास योग्य. निरक्षरालाही कळेल अशी ही चिन्हलिपी होती आणि तिने अनेकांना धोक्याच्या नलकूपापासून दूर नेले. मात्र तिची सीमारेषा लिटरला 50 मायक्रोग्रॅम या राष्ट्रीय मानकावर आखलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्येच मार्गदर्शक मर्यादा 10 वर आणली होती. या दोन आकड्यांमधील पाण्यालाही हिरवाच रंग मिळाला.

त्यामुळे ‘हिरवा’ या चिन्हाचा प्रशासकीय अर्थ ‘मानकाच्या आत’ असा होता, तर गावाने तो ‘निर्धोक’ असा वाचला. शिवाय हा कर्करोग अनेक दशकांनी प्रकट होतो. पाणी बदलले तरी आधीच्या सेवनाचा धोका दीर्घकाळ उरतो. नलकूपांवरील रंग कालांतराने उडाले, शरीरातील नोंद मात्र तशी पुसली जात नाही. म्हणूनच या प्रदेशाच्या आरोग्येतिहासात ‘शुद्ध’ या शब्दाच्या बदलत्या अर्थाचा इतिहासही अनिवार्यपणे समाविष्ट होतो.